रोज एकच तास मिळतो, स्पेनच्या फ्लामेंको गिटारचा रियाझ कसा बसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडकडे आंब्याची कलमं आणि पॅकिंगचा धंदा, वय पस्तिशीचं, नायलॉन तारांची साधी क्लासिकल गिटार. दोन-तीन वर्षं व्हिडिओ बघून शिकणं चाललंय. रास्गेआदो, पिकादो, आल्सापुआ ही उजव्या हाताची तंत्रं, सगळं थोडं थोडं येतं, दहाबारा फाल्सेता (गिटारचे छोटे बांधीव तुकडे) पाठ आहेत. पण कुणी ‘वाजव बघू’ म्हटलं की दोन मिनिटंसुद्धा सलग वाजत नाही. रात्री जेवणानंतर एक तास मिळतो, त्यात काय, किती आणि कोणत्या क्रमाने करावं? आणि गुरू हवाच का?

मी वेंगुर्ल्यात गिटार शिकवतो आणि हेच गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. तुम्ही बोटांबद्दल सगळं लिहिलंत, फाल्सेता किती येतात तेही लिहिलंत. तालाचा मात्र अख्ख्या प्रश्नात कुठे उल्लेख नाही. अडचण तिथेच आहे. एखाद्याला तबल्याचे दहा कायदे पाठ असावेत आणि भजनाला बसल्यावर साधा ठेका धरता येऊ नये, तशी तुमची गत झालीय. फ्लामेंकोत ठेक्याला कॉम्पास म्हणतात, आणि माझं सांगणं एवढंच की तासाच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत तो चालू राहिला पाहिजे. बोटांचे व्यायामसुद्धा त्याच्या आतच करायचे.

एकच पालो, म्हणजे फ्लामेंकोचा एकच प्रकार, घ्या आणि निदान सहा महिने तोच ठेवा. माझं मत सोलेआ या पालोच्या बाजूने आहे. लय सावकाश असते, चूक झाली तर कुठे झाली ते ऐकू येतं, आणि बारा मात्रांचं हेच चक्र पुढे आलेग्रियास आणि बुलेरिया या पालोंना उपयोगी पडतं. सगळे व्हिडिओवाले बुलेरियापासून सुरुवात करतात कारण ते ऐकायला झणझणीत असतं. त्या वेगात नवशिक्याला आपण कुठे सुटलो तेच कळत नाही.

आता पहिली पाच मिनिटं. गिटार पेटीतच राहू दे. सोलेआच्या बारा मात्रा टाळीने मोजा, जोर ३, ६, ८, १०, १२ वर. म्हणजे विभाग पडतात तीन-तीन-दोन-दोन-दोन. आपला एकतालही बाराच मात्रांचा, पण तो दोन-दोनच्या सहा विभागांत चालतो, त्यामुळे एकतालाची सवय इथे थोडी आडवी येते. त्याहून जास्त आडवी येते ती समेची सवय. आपल्याकडे तिहाई येऊन पडते पहिल्या मात्रेवर, आणि एक म्हटलं की हात आपोआप जोरात पडतो. सोलेआत एक आणि दोन हलक्या, पहिला जोर तीनवर, आणि वाक्य संपतं ते दहाव्या मात्रेवर. अकरा आणि बारा ही पुढच्या फेरीआधी श्वास घ्यायची जागा. माझ्याकडे भजनातून आलेली मुलं पहिले काही दिवस एकवर हाणतात. तुम्हीही हाणत असणार, रेकॉर्ड करून बघा.

मोजताना एक सोय करा. स्पेनमधले लोक बऱ्याचदा दहापर्यंत मोजून अकरा-बाराच्या जागी पुन्हा ‘एक-दोन’ म्हणतात. मराठीतही तेच बरं पडतं: एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा, एक दोन. लय वाढली की ‘अकरा’ तोंडात अडकतो. आधी बाराही टाळ्या द्या आणि जोराच्या मात्रा मोठ्याने. मग पायाने बारा मात्रा चालू ठेवून टाळी फक्त जोराच्या जागी. मग तोंडाने मोजणं बंद. शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवलेला माणूस हे पटकन उचलतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला वेळ लागतो, पण येतं त्यालाही.

नुसत्या एकसारख्या टिकटिकीच्या मेट्रोनोमवर हे सगळं करू नका. त्यात तीन कुठला आणि चार कुठला ते कळत नाही, आणि तुम्ही चुकलात तरी तो काही बोलत नाही. फोनवर फ्लामेंकोच्या टाळ्यांची, म्हणजे पाल्मासची अ‍ॅप मिळतात, त्यात पालो आणि लय ठरवता येते. तेच लावा. बोटांच्या व्यायामात मेट्रोनोम ठीक आहे.

पुढची पंधरा मिनिटं उजव्या हाताची, आणि त्यातला मोठा वाटा रास्गेआदोचा. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण व्हिडिओत हात इतका झरझर फिरतो की नेमकं काय होतंय ते दिसत नाही. अंगठा सहाव्या तारेवर टेकवा. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती आडवी ठेवा, दाबू नका, म्हणजे सूर न निघता ‘खर्र’ एवढाच आवाज येईल. रात्री घरातली माणसं झोपली असली तरी मग हरकत नाही. उजव्या हाताची मूठ सैल मिटा. आता करंगळी सोडा, ती नखाच्या बाजूने तारांवरून खाली गेली पाहिजे. मग अनामिका, मग मधलं बोट, मग तर्जनी. एका बोटाबरोबर दुसरं ओढलं जात असेल तर थांबा आणि पुन्हा मूठ मिटा. मनगट जागेवर राहायला हवं. ते हलायला लागलं की बोटं काम सोडतात.

पहिल्यांदा करंगळीचा आणि अनामिकेचा आवाज जवळजवळ येतच नाही. त्याचं कारण साधं आहे. दिवसभर आपण हाताने धरतो: कोयता, पेटी, स्टिअरिंग. बोटं मिटणारे स्नायू त्यामुळे दणकट असतात आणि उघडणारे कच्चे राहतात. रास्गेआदो सगळा उघडणाऱ्या स्नायूंवर चालतो. म्हणून मिनिटाला साठच्या लयीत एका ठोक्याला एकच बोट, आणि चारही बोटांचा आवाज सारखा आला की मगच ठोक्याला दोन, नंतर चार. चारचा आवाज स्वच्छ झाला की शेवटी तर्जनी वर आणा आणि एका मात्रेत पाच आघात बसवा. फोनवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. शेवटचा आघातच तेवढा उठून ऐकू आला तर तर्जनी बाकीच्यांचं काम करतेय असं समजा.

हे जमायला लागलं की लगेच चक्रात टाका. एक आणि दोनवर तर्जनीचा साधा आघात, तीनवर रास्गेआदो, चार-पाच साधे, सहावर रास्गेआदो. डाव्या हाताला ई आणि एफ हे दोनच कॉर्ड पुरेत: सुरुवात ईवर, तीनला एफ, दहाला परत ई. एवढंच दहा मिनिटं न तुटता वाजवलंत तर मला तुमच्या दहाबारा फाल्सेतांपेक्षा जास्त आनंद होईल.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा पुढच्या हाताच्या वरच्या अंगाला जळजळ सुरू झाली तर त्या दिवशी रास्गेआदो बंद. थकवा वेगळा आणि दुखणं वेगळं. पेट्या उचलून आल्यावर हात आधीच शिणलेला असतो, त्यात पुन्हा ताण दिला तर महिनाभर गिटार बाजूला ठेवायची पाळी येते.

त्यानंतरची दहा मिनिटं एक दिवस अंगठ्याला, एक दिवस पिकादोला.

अंगठा म्हणजे पुल्गार. तार वाजवून अंगठा पुढच्या तारेवर येऊन टेकला पाहिजे, हवेत उडता कामा नये. क्लासिकल शिकवणीतून आलेल्यांचा अंगठा बहुधा उडतो आणि आवाज पातळ येतो. आल्सापुआत तीन आघात असतात: खर्जाच्या एका तारेवर खाली, मग दोन-तीन तारांवरून खाली, मग त्याच तारांवरून वर. जोर अंगठ्याच्या पेरातून काढू नका, किल्ली फिरवताना हात जसा फिरतो तसा पुढचा हात फिरू द्या. पहिल्या आघातावर अनामिकेने गिटारच्या अंगावर ठोका देतात, तो गोल्पे. पण तुमची गिटार क्लासिकल आहे. गोल्पेआदोर नावाची पातळ पारदर्शक पट्टी चिकटवल्याशिवाय तिच्यावर गोल्पे देऊ नका. वरची फळी मऊ लाकडाची असते, नखाचे खड्डे पडतात आणि ते कायमचे.

पिकादो म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. इथेही बोट वाजवून वरच्या तारेवर टेकायचं. लोक तासन्‌तास स्केल वर-खाली करत बसतात आणि वेग काही वाढत नाही. दोन गोष्टी करा. एक, चार-पाच सुरांचा छोटा तुकडा पूर्ण वेगात, मग हात सैल सोडून दोन मात्रा विश्रांती, पुन्हा तुकडा. दोन, तार बदलताना अडखळता ना? तर फक्त तार बदलण्याचेच दोन सूर वेगळे काढून घोटा. आधीच्या तारेवरचा शेवटचा आणि नव्या तारेवरचा पहिला. आणि तुकडा हवेत सोडू नका, सातव्या मात्रेवरून निघा आणि दहाव्या मात्रेवर ईला येऊन उतरा. पुढेमागे उतरलात तर वेग कितीही असो, पिकादो चुकला.

त्रेमोलोबद्दल विचारलं नाहीत ते बरं केलंत. फ्लामेंकोचा त्रेमोलो अंगठा आणि चार सूर असा पाचाचा असतो, क्लासिकलसारखा चाराचा नसतो, आणि तो शिकायला वर्षभर थांबलात तरी काही बिघडत नाही. लिगादो, म्हणजे डाव्या हाताने तार ठोकून-ओढून सूर काढणं, ते रोज दोन-तीन मिनिटं केलं की पुरे.

मग येतात सगळ्यात मोलाची वीस मिनिटं. दहाबारा फाल्सेता आहेत, त्यातली सोलेआची एक निवडा. बाकीच्या सध्या विसरा. फाल्सेता येते पण वाजवता येत नाही याचा अर्थ तिच्यात शिरायची आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट माहीत नाही. म्हणून नेम असा ठेवा: दोन आवर्तनं नुसता ठेका, मग फाल्सेता, मग पुन्हा दोन आवर्तनं ठेका, आणि हे न थांबता. मधे बोट चुकलं तर चुकू दे, हात थांबवायचा नाही. सूर गेला तर कुणाला कळणार नाही, मात्रा गेली तर गाणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला लगेच कळेल.

फाल्सेताचा जो अर्धा भाग कच्चा आहे तो वेगळा काढून घोटायचा, पण त्या दिवसाच्या शेवटच्या पाच मिनिटांत तो परत ठेक्यात घातलाच पाहिजे. पंधरवड्यात ती पक्की झाली की दुसरी घ्या, आणि मग ठेका, पहिली, ठेका, दुसरी, ठेका. तीन महिन्यांत पाचसहा मिनिटांचं सलग वादन उभं राहतं. कुणी ‘वाजव बघू’ म्हटलं की हेच वाजवायचं.

शेवटची दहा मिनिटं ऐकायची, आणि तीही गाणं ऐकायची. नुसती गिटार ऐकून फ्लामेंको कळत नाही. ही गिटार मुळात गायक आणि नर्तकाला साथ करायला बसलेली आहे. रामोन मोंतोयाने १९३६ साली पॅरिसमध्ये एकट्या गिटारची रेकॉर्डिंगं केली, त्याच्या आधी तो मोठमोठ्या गायकांना साथ करूनच नावाला आला होता. आल्खेसिरासचा पाको दे लुसिया (१९४७–२०१४) जगभर एकल वादक म्हणून गाजला, पण त्याला ऐकायचं तर गायक कामारोन दे ला इस्लाबरोबर ऐका. गायक ओळ संपवतो तिथे गिटार काय उत्तर देते, आणि गायक गात असताना किती कमी वाजवते, याकडे कान ठेवा. पाय चालू, टाळी चालू. मधेच दहावी मात्रा कुठे आली ते बोट वर करून दाखवता आलं पाहिजे. सुरांचा भाग तुमच्या कानाला परका वाटणार नाही. फ्लामेंकोचा गाभ्यातला स्वरसमूह म्हणजे षड्ज ईवर धरला तर आपली भैरवी, आणि ईच्या मेजर कॉर्डमुळे शुद्ध गंधार आला की तो बसंत मुखारीकडे झुकतो. भजनाच्या शेवटी ऐकलेली भैरवी इथे उपयोगी पडते.

तास रात्री एकदम मिळतो म्हणालात. जमलं तर तो फोडा. पहाटे कलमांकडे जायच्या आधी वीस मिनिटं बोटांची, रात्री चाळीस मिनिटं ठेक्याची आणि फाल्सेताची. हात ताजा असताना बोटांची कामं चांगली होतात, आणि रात्री घोटलेलं झोपेत मुरतं. दमून एक तास रेटण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं बरं.

हंगामाचं काय? मार्च ते मे तुमच्याकडे पेट्या भरणं, गाड्या, व्यापाऱ्यांचे फोन, गिटारला फारसा हात लागणार नाही हे गृहीत धरा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मोजणी मात्र सोडू नका. आंबे पेंढ्यात लावताना, वाशीला जाणाऱ्या गाडीची वाट बघताना, तोंडातल्या तोंडात बारा मात्रा चालू ठेवा. रात्री दहा मिनिटं आवाज बंद केलेल्या तारांवर रास्गेआदो, बस्स. जूनमध्ये हात थोडा जड वाटेल, पण ताल जागेवर असेल.

नखांची काळजी याच दिवसांत घ्यायची असते. देठाजवळचा चीक जहाल असतो, कातडी भाजते आणि नखं खराब होतात, म्हणून पॅकिंगच्या वेळी उजव्या हाताला तरी हातमोजा. बायको नारळ खवायला सांगेल तेव्हा विळीवर नखं सांभाळा, किंवा सरळ सांगा की डाव्या हाताने खवतो, ती परत सांगणार नाही. नखं झिजवायला कानस नको, बारीक पॉलिश पेपर वापरा. भिजलेलं नख मऊ असतं आणि पटकन दुमडतं, तेव्हा आंघोळ करून किंवा भांडी घासून लगेच रास्गेआदोला बसू नका, नखं नीट वाळू द्या.

आणि आपली हवा. पाको दे लुसियाचं गावही बंदराचं, त्याच भागातलं कादिस शहर तर तीन बाजूंनी समुद्रात. पण तिथला उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमक्या त्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. गिटारला पन्नास टक्क्यांच्या आसपासची हवा मानवते. पावसात वरची फळी फुगते, तारा बोर्डापासून वर उचलल्या जातात, आणि डाव्या हाताला एकाएकी जड जायला लागतं. जुलैमध्ये ‘माझा हात बिघडला’ म्हणून येणाऱ्यांची मी आधी गिटार तपासतो. वाजवून झालं की गिटार कडक पेटीत, सोबत सिलिका जेलच्या चारपाच पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात, फक्त कागदी-प्लास्टिकच्या पुडीतून दाणे काढून घ्या. भिंतीवर टांगायची असेल तर निदान जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर नको, ती ओल धरते.

तारांपैकी उंच सुराच्या तीन नायलॉनच्या, त्यांना खाऱ्या हवेचं काही होत नाही. खर्जाच्या तिन्हींवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती घामाने आणि मिठाने काळी पडते, आवाज मेल्यासारखा येतो. रोज वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसा. पूर्ण संच बदलायची गरज नाही, नुसत्या खर्जाच्या तिन्ही बदलल्या तरी चालतं.

गुरू हवाच का, असा तुमचा शेवटचा प्रश्न. ताल दुसऱ्या माणसासमोर वाजवल्याशिवाय पक्का होत नाही, म्हणून हो. स्पेनमधले बरेच वादक ऑनलाइन शिकवतात. वेळ जमते: त्यांच्याकडे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा किंवा पाच. तुमच्याकडे पावसात लाईट जाते हे लक्षात घेऊन महिन्याला एकच तास ठरवा. पहिल्याच तासाला नवी फाल्सेता मागू नका. तुमचा सोलेआचा ठेका पाच मिनिटं ऐकवा आणि तीन, सहा, आठ, दहा, बारा यातला कुठला जोर कमी पडतोय एवढंच विचारा.